पाव टाकी

९ नोव्हें., रविवार

पंपावर माझ्यापुढे पांढरी मोठी गाडी. काच चार बोटं खाली, त्यातून कडं घातलेला हात बाहेर. "फुल कर दे." नोझल आपोआप बंद झालं तरी आतून आवाज, "होर पा, होर." म्हणजे अजून ओत, अजून. पेट्रोल तोंडाशी आलं, ओघळलं, चाकावरून खाली जमिनीवर. काच वर, गाडी गेली. आता हा दिवसभर सेक्टर आठ ते अकरा गेडी मारणार, म्हणजे कुठेही न जाता नुसता गोल फिरणार. तो वास घरी येईपर्यंत नाकात होता. शिसारी आली.

मी आठ लिटर. नेहमीप्रमाणे. काटा पावावर. बारा वर्षं ही गाडी आहे, बारा वर्षांत टाकी पावाच्या वर जाऊ दिलेली नाही. ज्याला पेट्रोलचं ओझं मिरवत हिंडायचंय त्याने हिंडावं. वहीत किलोमीटर लिहिले, लिटर लिहिले. ही मायलेजची वही बघितली की बरं वाटतं. एरवी या शहरात सगळं बघून वीटच येतो.

११ नोव्हें., मंगळवार

अण्णांना येऊन महिना झाला. सासरे. मिरजेला एकटे होते, दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेव्हा वैशालीने इकडे आणलं. सोमवार-गुरुवार, सकाळी सातची वेळ. तिची शाळा आणि माझी लॅब सांभाळून पाळीपाळीने नेतो. अण्णांनी चौतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढली, फोरमन म्हणून निवृत्त. पुढच्या सीटवर बसतात आणि रस्त्याऐवजी काटा बघतात.

आज मार्केटला जाताना म्हणाले, "जावईबापू, हिला उपाशी का ठेवता?"

सांगितलं. टाकी भरली की वजन वाढतं, वजन वाढलं की इंजिन जास्त पितं. साधं आहे.

"पेट्रोल वजनाला किती?"

"लिटरला पाऊण किलोच्या आतबाहेर."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे भरलेली टाकी नि तुमची पाव टाकी, फरक वीस किलो. मी बासष्ट किलो. मग मलाच उतरवा की."

वैशाली मागच्या सीटवर हसली. मी हसलो नाही. अर्धवट माहितीच्या माणसांशी वाद घालायचा कंटाळा येतो.

१५ नोव्हें., शनिवार

गिल घरी चहाला. लॅबमधला माझा शेजारी टेबलवाला, क्वार्टरमधलाही शेजारीच. अण्णांनी त्याला मोडक्या हिंदीत टाकीचं सगळं सांगितलं. गिल बिस्किट बुडवत मला म्हणाला, "साठे साहब, मापा है कभी? के बस कापी ही लिखी है?"

वही आणून दाखवली. बारा वर्षं. त्याने पानं चाळली आणि परत दिली. "इसमें तो टंकी हमेशा खाली है जी. भरी हुई का डेटा कित्थे है?"

खरं आहे. नाही. मोजमापाची उपकरणं बनवून पगार घेतो मी, आणि हे मला कधी सुचलं नाही. चहा थंड झाला तो तसाच ओतून दिला.

१६ नोव्हें., रविवार

चाचणी करायचीच. पण पाव टाकीवर किती पेट्रोल जळलं ते नेमकं मोजणार कसं? भरलेल्या टाकीचं सोपं आहे: नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, फिरून या, पुन्हा तेवढंच भरा. जितकं मावलं तितकं जळलं.

अडलो होतो. अण्णा म्हणाले, "टाकी कशाला रिकामी करताय? दोन्ही वेळा भरा. एकदा डिकीत वीस किलो आटा टाका, एकदा नका टाकू. गाडीला काय कळतंय पेट्रोल हाय का आटा हाय. वजन ते वजन."

मला आधी सुचायला हवं होतं. एवढंच लिहितो.

२३ नोव्हें., रविवार

संपली. डायलिसिस नसलेल्या पाच सकाळी. पहाटे पिंजोरपर्यंत आणि परत, रोज दोन फेऱ्या, एक आट्यासह, एक विना. म्हणजे पाच आणि पाच. वेग साठच्या आत. अण्णा हट्टाने बरोबर. थर्मासमधला चहा दोन घोटच, जास्त पाणी चालत नाही त्यांना. चंडीमंदिरच्या छावणीपाशी दरवेळी एकच वाक्य: "इथल्या लष्कराच्या गाड्या बघा. सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या असणार."

निकाल: फरक नाही. आहे तो इतका बारीक की पंपाच्या नोझलची चूकही त्याहून मोठी. दोन दिवशी तर आटा असताना मायलेज चांगलं आलं.

असं होऊ शकत नाही. त्या दोन दिवशी मागून वारा होता. टायरची हवाही मी दुसऱ्या दिवशी तपासली नव्हती. आणि आणखी एक: अण्णांचं वजन. दोन डायलिसिसच्या मधे अंगात पाणी साठतं, दोन-तीन किलोंनी वाढतात. वहीत लिहिलं, "सहप्रवाशाचं वजन अस्थिर." ते दोन दिवस खोडले. उरलेल्यांत विना-आटा, म्हणजे पाव टाकी, किंचित पुढे आहे.

अण्णांनी विचारलं, "काय आलं?"

म्हटलं, "अजून मोजायला हवं."

ते म्हणाले, "बरं." मग आटा डब्यात ओतायला वैशालीला मदत करत बसले.

२ डिसें., मंगळवार

जसप्रीत, माझ्याकडे पीएच.डी. करते. आज तिचा आलेख बघितला. दोन रीडिंग गायब. विचारलं, क्यों उडायी. "सर, वो फिट नहीं हो रही थीं."

सगळ्यांसमोर वीस मिनिटं बोललो. जी बसत नाहीत तीच बघायची असतात, वगैरे. ज्याला आवडीचं उत्तर हवं त्याने या धंद्यात येऊ नये, असंही म्हणालो. ती रडली. मला तिच्या रडण्याचाही राग आला.

घरी येऊन वही काढली. खोडलेले दोन दिवस. शाई जरा जास्तच दाबून लावलीय, खालचा आकडा वाचता येऊ नये इतकी.

वही मिटली. पुढचं लिहीत नाही.

१४ डिसें., रविवार

धुकं सुरू झालं. सकाळी समोरची झाडं दिसत नाहीत. वैशाली म्हणाली, "आता तरी टाकी भरून ठेवत जा. अण्णांना घेऊन जायचं असतं. कधी कुठे अडकायला होईल सांगता येत नाही."

"हॉस्पिटल सहा किलोमीटरवर आहे."

"मी अंतर नाही विचारलं."

भरतो म्हटलं. नाही भरली. दहा लिटर टाकले, तिला ते भरल्यासारखंच वाटेल. ती काटा बघत नाही.

२६ डिसें., शुक्रवार

ईरा सुट्टीला आली. लुधियानाच्या हॉस्टेलवर असते, शेतकी विद्यापीठात. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. आजोबांशी मात्र मोडकंतोडकं मराठी बोलते, त्यांना ते फार आवडतं. "आजोबा, मी तुमाला चालवायला नेते का?" असलं काहीतरी. ते तिचा हात धरून पार्कात दोन चकरा मारून आले.

जेवताना अण्णांनी आट्याची गोष्ट तिला रंगवून सांगितली. हसून हसून तिला ठसका लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पापा, ये कंजूसी भी नहीं है. मैं सोचती थी कंजूसी है."

"मग काय आहे?"

"पता नहीं. आपको बस सही होना होता है."

मी उठून हात धुतले. एकोणीस वर्षांची मुलगी बापाला वाचते, आई ऐकून घेते. घरातसुद्धा माणसाला किळस यावी असं वातावरण.

७ जाने., बुधवार

संध्याकाळी येताना डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला. पंपावर रांग, धुकं, थंडीने बोटं वाकत नव्हती. मनात गणित केलं. दिवा लागल्यावरही चार-पाच लिटर असतं. उद्या जाऊन येऊन बारा किलोमीटर. पुरून उरतं. शिवाय हलकी गाडी.

उद्या वैशालीची पाळी आहे. मला नऊला दिल्लीची माणसं यायचीत. तिने विचारलं, "गाडीत पेट्रोल आहे ना?"

"आहे."

८ जाने., गुरुवार

सकाळी सहा चाळीसला तिचा फोन.

"गाडी बंद पडली. मध्य मार्गावर आहोत, चौकाच्या अलीकडे. सुरूच होत नाहीये. अण्णांना धाप लागलीय."

आणि मी विचारलं, "मीटरवर किती किलोमीटर झालेत?"

शब्द न् शब्द असंच विचारलं. मागून अण्णांचा श्वास ऐकू येत होता, करवत चालल्यासारखा. मग फोन बंद.

गिलचं दार वाजवलं. तो स्वेटर घालत घालत गाडी काढायला धावला. धुक्यात दहाच्या वेगाने. पोचलो तेव्हा आमची गाडी एकटी उभी, चारही दिवे उघडमीट करत. आत कोणी नाही. सीटवर अण्णांची कानटोपी.

वैशालीने पाऊण तास रस्त्यावर उभं राहून हात केले होते. धुक्यात कोण थांबणार. अँब्युलन्सला रस्ता सापडेना. शेवटी एक दुधाची गाडी थांबली, कॅनच्या मधे जागा करून अण्णांना घेतलं, ड्रायव्हरने आपली घोंगडी दिली.

आता ते आयसीयूत. फुप्फुसात पाणी. नळी घातलीय. ड्यूटीवरची डॉक्टर लातूरची, मराठीत बोलली. "काका, रात्रीपासूनच पाणी चढत असणार. पण वेळेत आले असते तर सरळ मशीनवर घेतलं असतं. आता बघू."

वैशालीच्या सलवारला दूध सांडलेलं, वाळून कडक झालेलं. ती माझ्या शेजारी बसली नाही. दोन खुर्च्या सोडून.

९ जाने., शुक्रवार

गाडी ओढून सेक्टर २८ च्या मोटर मार्केटला नेली. बलबीर मिस्त्री. पहिली गोष्ट मी काय केली तर टाकी मोजायला लावली. चार लिटरच्या वर निघालं. बलबीर म्हणाला, फ्युएल पंप जळलाय. संपलं नव्हतं. मला सुटल्यासारखं झालं. खरंच. अण्णा नळीवर, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला, कारण माझं गणित बरोबर होतं.

तिथूनच वैशालीला फोन केला. "टाकीत पेट्रोल होतं. फ्युएल पंप जळलाय. पार्टच खराब निघाला."

ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही भरलंच नाहीत. काल दिवसभर मी तुमच्याबद्दल काय काय विचार केला. मला माफ करा."

"असू दे," म्हणालो मी.

फोन ठेवला तोवर बलबीरने जुना पंप बाहेर काढून फडक्यावर ठेवला होता. एका बाजूने काळाठिक्कर. जाळीवर चिखलासारखा गाळ. म्हणाला, "सर जी, टंकी हमेशा नीचे रखते हो ना?"

"क्यों?"

"ये पंप टंकी के अंदर तेल में डूबा रहता है. तेल ही इसको ठंडा रखता है. तेल नीचे रहेगा तो ये नंगा चलेगा, गरम होगा. और नीचे का सारा कचरा यही खींचेगा. साल-दो साल नहीं, आपने तो बहुत चलाया इसको ऐसे." पंप पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "अद्धी रख्या करो जी. अद्धी तों थल्ले ना जाण दियो." अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे.

पिशवीला जळक्या पेट्रोलचा वास. मला तिथेच गटारावर वाकावं लागलं. बलबीरने पाणी आणून दिलं, म्हणाला, धुएँ से होता है.

वैशालीला दुसरा फोन केला नाही.

१२ जाने., सोमवार

अण्णांची नळी काढली. बोलतात, पण चार शब्दांनंतर थांबावं लागतं.

ईरा शनिवारीच धावत आली होती. तिला आईने सांगितलं, पंप खराब निघाला. काल बसून तिने गाडीच्या कंपनीविरुद्ध मोठी तक्रार लिहिली आणि इंटरनेटवर टाकली. आजोबांचा फोटोही, आयसीयूतला. "मेरे नानाजी की जान जाते-जाते बची, सिर्फ़ एक घटिया पार्ट की वजह से." शेकडो लोकांनी पुढे पाठवली. मला वाचून दाखवली. विचारते, "पापा, टेक्निकल कुछ ग़लत तो नहीं लिखा?"

"नाही. ठीक आहे."

एक शब्द चुकला असता तरी मी सुधारला असता, ही माझी सवय. इथे सगळंच चुकीचं होतं आणि मी ठीक म्हणालो.

आपल्याच अंगाचा वास यावा तसं होतंय. सेक्टर आठच्या त्या गेडीवाल्यांची किळस येत होती मला. त्यांनी निदान कुणाला रस्त्यावर तडफडत ठेवलं नाही.

१८ जाने., रविवार

अण्णा घरी. आधाराशिवाय उभं राहता येत नाही. बाथरूमला मी नेतो. माझ्या खांद्यावर हात टाकतात तेव्हा हात हलका लागतो, रिकाम्या बाहीसारखा. छपन्न किलो राहिलेत.

वहीतलं ते वाक्य शोधून काढलं. "सहप्रवाशाचं वजन अस्थिर." त्या पाच सकाळी हा माणूस थंडीत माझ्याबरोबर येत होता, कारण जावई काहीतरी खरं शोधतोय असं त्याला वाटलं होतं. आणि मी त्याच्या अंगातलं पाणी निमित्त म्हणून वापरलं.

वैशाली आता माझ्याशी जास्तच नीट वागते. चहा पुढ्यात आणून देते. रागावल्याचं भरून काढतेय. तो मी पितो.

२० जाने., मंगळवार

दुपारी घरी आम्ही दोघंच. अण्णांना मोसंबीच्या दोन फोडी दिल्या, तेवढीच परवानगी आहे. चोखता चोखता म्हणाले, "पंप जळला म्हणे."

"हो."

"जुना दाखवा की. बघू तरी."

"मिस्त्रीने ठेवून घेतला."

खोटं. पिशवी लॅबमधल्या माझ्या कपाटात, कुलपात आहे.

अण्णांनी फोडीची साल बशीत नीट ठेवली. मग म्हणाले, "त्या दिवशी पिवळा दिवा लागला होता. मी पुढंच बसलो होतो. पोरीला बोललो नाही, घाबरली असती." थांबले, श्वास घेतला. "डेपोत आमच्याकडं कुणी ड्रायव्हरनं इंजिन जाळलं तर तो पहिल्यांदा पार्ट लपवायचा. तिथनं कळायचं."

मी बशी उचलून बाजूला ठेवली.

"जावईबापू, मी फोरमन होतो. चुगल्या कधी केल्या नाहीत. वैशूला सांगायचं तर तुम्ही सांगा. नाही सांगितलं तरी मी सांगणार नाही." पुन्हा श्वास. "पण मग मला गाडीतनं नेऊ नका तुम्ही. रिक्षा करा."

रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

२२ जाने., गुरुवार

माझी पाळी. ऑटो बोलावला. वैशालीने विचारलं, गाडी का नाही? अण्णाच म्हणाले, "मला उघडी हवा बरी वाटते." या थंडीत. तिला काही कळलं नाही.

ऑटोत ते माझ्या खांद्याला टेकून बसले. चार तास मशीनवर. मी बाहेर बसून होतो. कुणाशीही बोलावंसं वाटलं नाही.

लॅबमध्ये जसप्रीतला बोलावलं. म्हटलं, उस दिन मैंने जो कहा वो ठीक था, जैसे कहा वो ग़लत था. ती घाबरून "कोई बात नहीं सर" म्हणत निघून गेली. हे सोपं होतं. अवघड ते सोडून सोपं केलं, तेही मला कळतंय.

२४ जाने., शनिवार

ईराचा फोन, आवाज फुललेला. कंपनीने तक्रारीची दखल घेतली. पुढच्या शनिवारी त्यांचा माणूस घरी येणार, गाडी बघणार, जुना पार्ट बघणार. "पापा, मैं फ्रायडे को आ रही हूँ. मिस्त्री से पुराना पंप ले आना. छोड़ेंगे नहीं इनको."

तो माणूस फडक्यावरचा तो पंप एक मिनिट बघेल आणि विचारेल, टंकी कितनी रखते हो. माझ्या मुलीसमोर. तिने स्वतःच्या नावाने लिहिलेल्या प्रत्येक ओळीसमोर.

त्या ओळी मी तपासून दिल्यात.

२६ जाने., सोमवार

सुट्टी, पण डायलिसिसला सुट्टी नसते. वैशाली म्हणाली दोघंही जाऊ, आपली गाडीच काढू. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "अण्णा, आज गाडीतून चला. आत सोडलं की वैशालीशी बोलायचंय मला." ते उठले.

त्यांना मशीनवर सोडून आम्ही पार्किंगमध्ये गाडीत बसलो. काचा धुरकटल्या होत्या. सांगितलं. दिवा लागला होता ते. पंपावर रांग बघून निघून आलो ते. फ्युएल पंप का जळतो ते, बारा वर्षांचं. आट्याच्या चाचणीत काय आलं होतं आणि मी काय खोडलं. वीस किलोंनी काहीच होत नाही, हे मला नोव्हेंबरातच कळलं होतं, आणि तरीही. अण्णांनी मला ओळखलं ते. सगळं क्रमाने सांगितलं, लॅबच्या रिपोर्टसारखं. मला दुसरं काही येत नाही.

ती समोर बघत होती. म्हणाली, "मी तुमची माफी मागितली होती."

"हो."

"आणि तुम्ही असू दे म्हणालात."

मी हाताने काच पुसत राहिलो.

"टाकीचं मी कदाचित सोडून देईन. माणूस चुकतो. पण सतरा दिवस मी तुमच्यापुढे अपराध्यासारखी वावरले, आणि तुम्ही बघत होतात." दार उघडून एक पाय बाहेर ठेवला, मग थांबली. "ईराला?"

"माहीत नाही."

"तिला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही. आणि तुम्ही सांगाल तेव्हा मी तिथे असणार नाही."

आत जाऊन बसली. मी गाडीतच. चार तास.

२९ जाने., गुरुवार

ती बोलते. पोळ्या किती, दूध आणायचंय, अण्णांची गोळी दिलीत का. त्यापलीकडे नाही. ईराच्या खोलीत झोपते. आज अण्णांना तिने एकटीने नेलं, चावी माझ्या टेबलावरून उचलून. कधी येते म्हणून खिडकीत उभा राहिलो. आल्यावर अण्णांना एकटीनेच वर आणलं. मी जिना उतरायला लागलो तर हाताने थांब म्हणाली.

रात्री अण्णांचे पाय चेपताना म्हणालो, सांगितलं तिला. ते म्हणाले, "कळलं मला. गाडीत रडली ती." मग डोळे मिटले. बरं केलंत असं काही म्हणाले नाहीत. मी वाट बघत होतो, हे लिहायलाही लाज वाटते.

३० जाने., शुक्रवार

लॅबमधून पिशवी आणली. उघडून पुन्हा बघितलं. काळा पडलेला, गाळाने भरलेला, हातात मावेल एवढा.

ईराचा मेसेज: "पापा बस में बैठ गई. पंप मिल गया ना? कल उनके मुँह पे रखेंगे."

"मिला," एवढंच कळवलं.

कंपनीला मी स्वतः लिहिलं दुपारी. तक्रार चुकीची आहे, चूक माझ्या वापराची आहे, उद्या येण्याची गरज नाही. लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही. तिच्या नावाची तक्रार आहे, आधी तिला कळायला हवं. की हीसुद्धा पळवाटच?

वैशाली अण्णांना घेऊन गिलच्या बायकोकडे गेलीय. जाताना म्हणाली, आठपर्यंत येऊ.

बस सहाला, सेक्टर ४३ च्या स्टँडवर. पिशवी पुढच्या सीटवर ठेवली, मग उचलून मागे ठेवली, पुढे ती बसणार. साडेपाच झालेत. घरापर्यंत वीस मिनिटं मिळतील, सिग्नल लागले तर पंचवीस. ती बसल्या बसल्या कंपनीला शिव्या द्यायला लागेल. तिला मधेच थांबवून पहिलं वाक्य काय म्हणायचं ते सकाळपासून जुळवतोय. हिंदीत म्हणू की मराठीत, तेसुद्धा ठरत नाहीये.